मामाच्या डब्यातल्या किंक्स : प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट २०२५

आज ठाण्याहून डबा आणला. माळ्यावर होता, बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, वर सुतळी बांधलेली. आत 'द किंक्स' या इंग्लिश रॉक बँडच्या अकरा सिंगल्स, म्हणजे पुढे एक गाणं आणि मागे एक अशा छोट्या तबकड्या, सात इंची, ४५ आरपीएमच्या, सगळ्या इंग्लंडच्या पाय या रेकॉर्ड कंपनीच्या. मामा १९६६ च्या मे महिन्यात लंडनला गेला, एका ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून, आणि १९७१ ला परत आला, तेवढ्या काळात त्याने या एकेक करून घेतल्या.

काम काय ते आधीच लिहून ठेवतो म्हणजे मध्येच भरकटणार नाही. २८ सप्टेंबरला मामा ८० वर्षांचा होतोय. त्याचा डावा कान गेली सहा-सात वर्षं पूर्ण गेलाय, उजव्या कानाला मशीन आहे. मागच्या दिवाळीत मी त्याला मोबाईलवर किंक्स लावून दिलं, इयरफोन घालून, तर अर्ध्या मिनिटात म्हणाला, "अरे, हे अर्धंच गाणं आहे. गिटार कुठे गेली?" गिटार डाव्या बाजूला होती. स्टिरिओ मिक्समध्ये वाद्यं डावी-उजवी वाटून टाकलेली असतात आणि त्याच्या वाटणीला फक्त उजवी बाजू येत होती. ते तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

मोबाईलमध्ये मोनोचं सेटिंग असतं, ते लावून बघितलं. दोन्ही बाजू एकत्र येतात पण ते म्हणजे स्टिरिओसाठी बसवलेलं मिक्स चेपून एक केलेलं, आवाजांचं एकमेकांशी प्रमाणच वेगळं लागतं. सिंगल त्या काळी मोनोसाठीच मिक्स व्हायची, ट्रान्झिस्टर रेडिओ आणि एका स्पीकरचा पेटीसारखा रेकॉर्ड प्लेअर डोळ्यांसमोर ठेवून. मामाने ऐकलं ते हे. म्हणजे त्याच्या एका कानाला पूर्ण गाणं पोचवायचं असेल तर ते याच डब्यात आहे. या अकरा सिंगल्स नीट स्वच्छ करून, नीट वाजवून, मोनोत रेकॉर्ड करायच्या, एवढाच प्रकल्प.

९ ऑगस्ट

धुण्याचा दिवस. ठाण्याच्या दमट हवेत कागदी पाकिटं तांबूस पडलीयेत आणि तबकड्यांवर बुरशी आहे, उजेडात तिरकी धरली की पांढरे ठिपके दिसतात, खोबऱ्याच्या किसासारखे. बुरशी खाचेच्या आत शिरते, नुसतं फडक्याने पुसलं तर वरचं जातं आणि आतलं आणखी दाबलं जातं. डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ ब्रश, आणि खाचेच्या दिशेनेच गोल गोल, आडवं कधीच नाही. मग पुन्हा नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा. लेबलला पाणी लागू नये म्हणून प्लॅस्टिकची गोल झाकणं दोन्ही बाजूंनी धरून धुतलं, बायको एका बाजूचं झाकण दाबून धरत होती. जुन्या सिंगल्सची लेबल गुलाबी आहेत, पायची त्या काळातली, नंतरच्यांची निळी. 'वॉटरलू सनसेट'च्या लेबलवर मामाने बॉलपेनने स्वतःची आद्याक्षरं टाकलीयेत, ७एन १७३२१ या नंबरच्या खाली. ड्राफ्ट्समनचं अक्षर, छापल्यासारखं.

अकराच्या अकरा धुवायला साडेचार तास लागले. ताटं वाळत घालायच्या रॅकमध्ये उभ्या करून ठेवल्यात.

१० ऑगस्ट

स्पीड तपासला. स्ट्रोबची कागदी चकती ठेवायची, तिच्यावर ४५ साठी १३३ रेघा असतात, ५० हर्ट्झच्या उजेडात त्या जागच्या जागी थांबलेल्या दिसल्या की वेग बरोबर. आमच्याकडे सगळीकडे एलईडी लागलेत, त्यांच्या उजेडात रेघा धड दिसतच नाहीत. शेवटी आईच्या स्वयंपाकघरातली चोकवाली जुनी ट्यूब आठवली, टर्नटेबल ओट्यावर नेऊन ठेवला, आणि रेघा हळूहळू पुढे सरकताना स्पष्ट दिसल्या, म्हणजे मशीन जरासं जोरात फिरत होतं. स्क्रू अगदी किंचित फिरवून रेघा थांबवल्या. इंग्लंडमध्येही वीज ५० हर्ट्झचीच, त्यामुळे चकती तीच चालते.

सुई शंकूच्या आकाराची, ०.७ मिलची घेतली (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). त्याचं कारण असं की त्या काळच्या प्लेअरची सुई जाड असायची, आणि आत्ता मी सुईवर दोन ग्रॅम वजन ठेवतोय तिथे ते लोक पाच-सहा ग्रॅम ठेवायचे, त्यामुळे खाचेच्या भिंती वरच्या बाजूला घासल्या गेल्यात. बारीक सुई जरा खाली बसते, जिथे अजून कोणी फारसं पोचलेलं नाही.

१५ ऑगस्ट

सुट्टी होती म्हणून पहिली घेतली, 'यू रिअली गॉट मी', १९६४ ची. ही मामाने तिथे गेल्यावर सेकंडहँड घेतलेली. सप्टेंबर १९६४ मध्ये इंग्लंडच्या चार्टवर नंबर १ झाली होती. त्या गिटारचा फाटका आवाज कसा आला ते मामाला आणि मला दोघांनाही पाठ आहे, बँडचा गायक रे डेव्हिस, त्याचा धाकटा भाऊ डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्या स्वस्त अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कागदी कोन ब्लेडने कापला आणि ते अ‍ॅम्प मोठ्या अ‍ॅम्पला जोडलं. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. प्रोड्यूसर शेल टाल्मी, अमेरिकन माणूस.

सेटिंग : ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, सगळ्यात मोठ्या जागी उणे ६ डेसिबल. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही चॅनल घेतले आणि मग एकत्र केले, आणि इथे एक गोष्ट कानाला लगेच कळली जी मी फक्त वाचली होती. मोनो रेकॉर्डमध्ये गाणं फक्त आडव्या हालचालीत असतं, सुई डावी-उजवी हलते तेवढंच. वर-खाली हलते ती धुळीने आणि घासल्याने. सुई बसवलेलं स्टिरिओ कार्ट्रिज दोन्ही वाचतं, पण दोन्ही चॅनल जोडले की वर-खालीचं एकमेकांना खाऊन टाकतं. एका क्लिकमध्ये खरखर निम्म्यावर आल्यासारखी वाटली आणि गिटार मध्यभागी येऊन उभी राहिली. मी ते चार वेळा चालू-बंद करून बघितलं.

१७ ऑगस्ट

'सनी आफ्टरनून'. मामा मे १९६६ ला पोचला आणि ही जूनच्या सुरुवातीला आली, जुलैमध्ये बीटल्सच्या 'पेपरबॅक रायटर'ला खाली ढकलून दोन आठवडे नंबर १ वर. त्याच महिन्याच्या शेवटी इंग्लंड फुटबॉलचा वर्ल्ड कप जिंकलं. मामा फोनवर सांगत होता की त्याला वाटलं हा देश कायम असाच असतो, ऊन, गाणं आणि लोक रस्त्यावर नाचतायत. नोव्हेंबर आला तेव्हा कळलं म्हणे.

गाणं खरं तर एका श्रीमंत माणसाचं गाऱ्हाणं आहे, टॅक्सवाल्यांनी सगळं नेलं आणि आता मोठ्या घरात उन्हात नुसतं पडून राहायचं. पंतप्रधान विल्सनच्या सरकारच्या सुपरटॅक्सचा तो काळ. पण रे डेव्हिसचं कौशल्य इथेच आहे, तो त्या माणसाला शिव्या पण घालत नाही आणि त्याच्यासाठी रडत पण नाही, त्याच्या आवाजात गातो आणि आपण ठरवायचं. खाली उतरत जाणारा बास सगळं काम करतो, पायऱ्या उतरत तळघरात गेल्यासारखा. मोबाईलच्या स्पीकरवर हा बास मला कधीच ऐकू आला नव्हता.

एक लक्षात ठेवायचं, गाणं चार्टवर चढत होतं तेव्हा बासवाला पीट क्वेफ बँडमध्ये नव्हता, जूनमध्ये त्याचा अपघात झाला होता, आणि जॉन डाल्टन नावाचा बदली माणूस त्याच्या जागी उभा होता. रेकॉर्डवर क्वेफ आहे.

२३ ऑगस्ट

आज काम बंद पडलं. चार दिवसांवर गणपती, समोरच्या मैदानात ढोल पथकाची प्रॅक्टिस संध्याकाळी सहाला सुरू होते आणि दहाला संपते. आवाज खिडकी बंद करून कमी होतो पण ढोलाचा ठोका जमिनीतून येतो, तिथून टेबलात, टेबलातून टोनआर्ममध्ये, म्हणजे सुईच्या दांड्यात, आणि रेकॉर्डिंगमध्ये ग्राफच्या तळाशी डोंगर दिसतात. टर्नटेबलखाली फरशी ठेवली, तिच्याखाली सायकलची ट्यूब थोडी हवा भरून, तरी नाही. मी स्वतः तीन वर्षं पथकात ढोल वाजवलाय त्यामुळे त्यांना काही सांगायला जाणार नाही. पहाटे उठून करायचं.

२४ ऑगस्ट

पहाटे साडेचारला 'डेड एंड स्ट्रीट'. शांतता मिळाली, एकच टेक, उत्तम.

हे नोव्हेंबर १९६६ चं, नंबर ५ पर्यंत गेलं. 'सनी आफ्टरनून'नंतर पाचच महिन्यांनी हे आलं हे मला फार मोठं वाटतं, तिथे टॅक्सला कंटाळलेला श्रीमंत आणि इथे छताला तडा गेलेली खोली, गळणारं सिंक, काम नाही, भाडं थकलेलं, देश सोडून जायचीही सोय नाही. तेव्हाचं लंडन म्हणजे रंगीबेरंगी कपडे आणि फॅशनचे रस्ते असं जे सगळीकडे दाखवतात त्याच्या ऐन मध्यावर. मामा तेव्हा केंटिश टाऊनमध्ये एका खोलीत राहायचा, नाणं टाकलं की चालू होणारा गॅसचा हीटर, आणि म्हणतो की त्याच्या छताला पण तडा होता. गाण्याच्या प्रमोशनसाठी एक छोटी फिल्म काढली होती, काळ्या पांढऱ्या रंगात, बँडचे लोक शवपेटी उचलणाऱ्यांच्या वेषात. बीबीसीला ती आवडली नाही. ती लिटल ग्रीन स्ट्रीट नावाच्या गल्लीत शूट केली, केंटिश टाऊनमध्येच, मामाच्या खोलीपासून चालत दहा मिनिटं. त्याला हे मी परवा सांगेपर्यंत माहीत नव्हतं, तो एकदम गप्प झाला आणि मग म्हणाला, "त्या गल्लीतून मी लाँड्रीला जायचो."

ट्रॉम्बोनची गोष्ट इथे लिहून ठेवतो. आधी टाल्मीबरोबर एक व्हर्जन झालं होतं, त्यात फ्रेंच हॉर्न होता. टाल्मी निघून गेल्यावर बँडने ते गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं आणि शेजारच्या पबमधून एका ट्रॉम्बोनवाल्याला उचलून आणलं. शेवटी तो जे वाजवतो ते ऐका, इतक्या उदास गाण्याच्या शेवटी तो जवळजवळ नाचत बाहेर पडतो. मोनोत हा ट्रॉम्बोन छातीवर येतो.

(गणपतीचे दहा दिवस सुट्टी. मामा-मामी दीड दिवस आमच्याकडे होते, डबा कपाटात लपवला.)

७ सप्टेंबर

'वॉटरलू सनसेट'. सगळ्यात जास्त वाजलेली, त्यामुळे सगळ्यात जास्त झिजलेली. पहाटेपासून दुपारपर्यंत एवढी एकच.

पहिल्या टेकला आवाज जिथे जिथे वर चढतो तिथे फाटत होता. वजन पावणेदोन ग्रॅमवर आणलं, आणखी वाईट. मग सव्वादोन केलं, आणि सुई तळाला नीट टेकली, फाटणं जवळजवळ गेलं. ०.७ मिलच्या सुईने आज पैसे वसूल केले. सुरुवातीला बास उतरत येतो, मग गिटार, तिला टेपचा इको दिलाय, प्रत्येक स्वराला मागून त्याचीच सावली चिकटलेली. आणि मग मागचे आवाज, डेव्ह, पीट आणि रेची बायको रासा. रासाचा आवाज सगळ्यात वर असतो आणि स्टिरिओत तो बाजूला पडतो असं मला आता वाटायला लागलंय, इथे मात्र तो सगळ्या गाण्यावर पातळ ढगासारखा पसरलाय.

मे १९६७ ची ही. नंबर २ वर थांबली, वर ट्रेमेलोजचं 'सायलेन्स इज गोल्डन' होतं. एप्रिलमध्ये मार्बल आर्चजवळच्या पायच्या स्टुडिओत केलं, आणि तोवर रे स्वतःच प्रोड्यूस करायला लागला होता. गाण्याचे शब्द त्याने शेवटपर्यंत बाकीच्यांना दाखवले नव्हते, इतके खाजगी वाटत होते त्याला. आधी ते लिव्हरपूलच्या सूर्यास्तावर होणार होतं. पण वॉटरलू त्याच्या आत फार आधीपासून होतं, तेरा वर्षांचा असताना तो सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये फार आजारी होता, आणि नर्स त्याचा पलंग ढकलत बाल्कनीत न्यायच्या, तिथून थेम्स दिसायची.

गाण्यातला माणूस खिडकीत बसून आहे. स्टेशनवर दर शुक्रवारी भेटणारे दोघं जण त्याला दिसतात, टेरी आणि ज्युली. टेरेन्स स्टॅम्प आणि ज्युली ख्रिस्ती हे नट-नटी म्हणून लोकांनी तेव्हा बोट दाखवलं, रेने नंतर ते नाही म्हटलंय. मला तर ते कोण आहेत यापेक्षा तो बघणारा जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याला मित्र नकोयत, बाहेर पडायचं नाहीये, आणि तरी तो दुःखी नाहीये, आणि हे त्याचं म्हणणं खोटं वाटत नाही. एवढं साधं वाक्य सव्वातीन मिनिटांत पटवून देणं ही मला किमया वाटते आणि मी हे गाणं किमान हजार वेळा ऐकून म्हणतोय.

मामा शुक्रवारी पगार झाला की ऑफिसातून वॉटरलू ब्रिजवरून चालत यायचा. तो पूल युद्धात बांधला, कामगारांत बायका खूप होत्या म्हणून त्याला लेडीज ब्रिज म्हणतात, आणि १९४५ ला पुरता खुला झाला, मामाच्याच जन्माच्या वर्षी. तो म्हणाला, "पुलावर थांबलं की कोणी विचारत नाही तू कोण, कुठला. खोलीवर जाताना घरमालकीण विचारायची." एवढंच म्हणाला आणि विषय बदलला.

२०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या समारोपाला रेने हेच गाणं गायलं, तेव्हा मामाने मला रात्री उठवलं होतं फोन करून.

१३ सप्टेंबर

आज पाच झाल्या, सगळं जुळून आलं.

'डेथ ऑफ अ क्लाउन' १९६७, डेव्हच्या एकट्याच्या नावाने आलं पण वाजवलं किंक्सनेच, नंबर ३. 'ऑटम अल्मनॅक', १९६७ चा ऑक्टोबर, हेही नंबर ३. मसवेल हिलला, म्हणजे हे भाऊ जिथे वाढले तिथे, एक पाठीत वाकलेला माळी होता, त्याच्यावरून सुचलेलं. शनिवारी फुटबॉल, रविवारचं जेवण, सुट्टीला ब्लॅकपूल, आणि मी हा रस्ता सोडून कुठे जाणार नाही. अमेरिकेत यातलं काही कोणाला कळणार नव्हतं आणि ते चालणार होतं, कारण १९६५ ते १९६९ अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनने त्यांना तिथे वाजवायची परवानगीच दिली नाही. बाकीचे बँड तिकडे धावत होते तेव्हा हे घरच्या गल्लीवर लिहीत बसले. नुकसान प्रचंड झालं, पण ही गाणी त्यातूनच आली असं माझं ठाम मत आहे.

'वंडरबॉय', १९६८, नंबर ३६. सरळ आपटलं. 'प्लॅस्टिक मॅन', १९६९, ३१. दोन्ही स्वच्छ रेकॉर्ड झाल्या, कारण मामाने फार वाजवल्याच नाहीत.

आणि 'डेज'. १९६८ चा जून, नंबर १२. हिच्यावर थांबायला हवं. निरोपाचं गाणं आहे, गेलेल्या दिवसांबद्दल आभार मानणारं, तक्रार शून्य. पण रेकॉर्डिंगच्या वेळी भांडण झालं ते सगळ्यांना माहितीये, क्वेफने टेपच्या खोक्यावर 'डेज'ऐवजी गुंगी आलेली असते तो दुसरा 'डेझ' लिहून ठेवला आणि रे भडकला. पुढच्या वर्षी क्वेफ बँड सोडून गेला आणि तोच डाल्टन कायमचा आला. आज हेडफोनवर क्वेफचा बास नीट ऐकला. ज्या माणसाचा निरोप जवळ आलाय तोच निरोपाच्या गाण्याखाली इतकं भक्कम वाजवतोय, हे कळल्यावर मी रेकॉर्डिंग थांबवून चहा करायला गेलो.

१९६८ च्याच २२ नोव्हेंबरला त्यांचा 'द व्हिलेज ग्रीन प्रिझर्वेशन सोसायटी' हा अल्बम आला, बीटल्सच्या पांढऱ्या अल्बमच्याच दिवशी, आणि चार्टवर दिसलाच नाही. इंग्लंडमध्ये तो गोल्ड झाला २०१८ ला. पन्नास वर्षं.

१४ सप्टेंबर

'सी माय फ्रेंड्स'. ही ज्यूकबॉक्समधून काढलेली, मधला भाग ठोकून काढलाय त्यामुळे मोठं भोक, प्लॅस्टिकचा अ‍ॅडॅप्टर बसवून वाजवावी लागते. बसवला तरी केसभर सरकते आणि गाणं डोलायला लागतं. या गाण्यात एकच स्वर सतत धरून ठेवलाय तंबोऱ्यासारखा, तो डोलला की लगेच कळतं. अ‍ॅडॅप्टरच्या भोवती सेलोटेपचे दोन वेढे दिले, भोक बरोबर मध्ये आलं. लेबलवर नाव एकवचनी छापलंय, 'सी माय फ्रेंड'.

जानेवारी १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर जाताना किंक्स मुंबईला थांबले. पहाटे कामावर निघालेले कोळी काहीतरी म्हणत जात होते, ते रेने ऐकलं. त्यातून हे आलं, जुलै १९६५ च्या शेवटी, नंबर १०. सतार नाही, नुसत्या गिटारी. बीटल्सने सतार वाजवलेलं गाणं आलं त्याच वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे हे चार महिने आधीचं. इंग्लिश पॉपमध्ये आपल्याकडचा सूर शिरला तो कुठल्या मैफलीतून नाही, समुद्राकडे निघालेल्या माणसांकडून शिरला. मला याचा अभिमान वाटतो.

मामा अलिबागचा. त्याला मी विचारलं यात कोळ्यांचं काय ऐकू येतं. तो म्हणाला चाल अजिबात तशी नाही, ताल पण नाही, "पण दोर ओढताना एक जण आवाज धरून ठेवतो आणि बाकीचे त्यावर येतात ना, तेवढं आहे."

गाण्यात मित्र नदीच्या पलीकडे खेळतायत आणि ती पण पलीकडे गेलीये. रेची थोरली बहीण रेनी हिने त्याला तेराव्या वाढदिवसाला स्पॅनिश गिटार दिली, आणि त्याच रात्री लिसियम बॉलरूममध्ये नाचताना ती वारली. हृदय कमजोर होतं. हे गाणं तिच्याशी जोडलेलं आहे असं त्याने सांगितलंय. मुंबईच्या पहाटेचा तो लांबलेला स्वर त्याला या गोष्टीसाठी हवा होता हे कळल्यावर पलीकडे म्हणजे कुठे ते वेगळं सांगावं लागत नाही.

२० सप्टेंबर

'लोला', १९७०, नंबर २. एकच टेक. यात कोका-कोलाचं नाव होतं, बीबीसीला ब्रँडचं नाव चालत नाही म्हणून रे अमेरिकेहून विमानाने लंडनला आला आणि तेवढा शब्द बदलून चेरी कोला केला. मामाच्या सिंगलवर चेरी कोला आहे. अकरा पूर्ण.

२१ सप्टेंबर

आज फक्त आवाज साफ करायचं ठरवायचं होतं आणि दिवस गेला. ऑटोमॅटिक नॉइज रिडक्शन लावून बघितलं 'डेज'ला. खरखर गेली, पण झांजेचा शेवट पण गेला, आणि रे ओळ सुरू करायच्या आधी श्वास घेतो तो गेला. एखाद्याने भिंत रंगवताना खिळ्यावरचा फोटो पण रंगवून टाकावा तसं. मशीनमधून ऐकणाऱ्या माणसाला हे उलट आणखी वाईट, कारण कानाचं मशीन आधीच असलंच काहीतरी करत असतं. ठरलं : मोठी टिकटिक तेवढी एकेक शोधून हाताने काढायची, बाकी हात लावायचा नाही. 'वॉटरलू सनसेट'मध्ये ३८ निघाल्या, 'सी माय फ्रेंड्स'मध्ये ६१.

२८ सप्टेंबर

ठाणे. जेवणं झाल्यावर एकच स्पीकर टेबलावर ठेवला, दोन नाहीत. मामाने खुर्ची वळवून घेतली, उजवा कान स्पीकरकडे. मी तारखेप्रमाणे लावलं होतं, १९६४ पासून. तो डोळे मिटून होता आणि बोटाने हातावर ताल. 'डेड एंड स्ट्रीट'चा ट्रॉम्बोन आल्यावर मामीला म्हणाला, "अगं हा बघ, पबातला." 'वॉटरलू सनसेट'ला काही बोलला नाही, संपल्यावर हात वर करून पुन्हा लाव अशी खूण केली. तीनदा लावलं. मग म्हणाला गिटार आहे, सगळी आहे.

अकरा झाल्यावर त्याने विचारलं, "आणि घंटांचं?"

मला कळेना. मग त्याने सांगितलं, 'डेड एंड स्ट्रीट'च्या मागच्या बाजूला, सुरुवातीलाच चर्चच्या घंटा वाजतात. 'बिग ब्लॅक स्मोक'. खेड्यातली मुलगी घर सोडून लंडनला येते ते. "खोलीवर पहिल्या वर्षी ती बाजू जास्त वाजवायचो मी. नंतर नाही वाजवली." मागच्या बाजूंचा मी विचारच केला नव्हता, हिट गाणी पुढच्या बाजूला असतात म्हणून अकरा बाजू केल्या आणि अकरा सोडल्या. दर सिंगल घेतली की तो दोन्ही बाजू ऐकायचा, महिन्याला एखादी परवडायची, दुसरी बाजू कोण सोडेल.

डबा पुन्हा घेऊन आलो.

५ ऑक्टोबर

पहाटे पाच. सुई बदललेली नाही, वजन सव्वादोन ग्रॅम, ट्यूबखाली स्पीड पुन्हा तपासला, रेघा थांबलेल्या. 'डेड एंड स्ट्रीट'ची तबकडी, ७एन १७२२२, मागची बाजू. दोनदा धुतली कारण या बाजूला बुरशी जास्त होती. घंटा आल्या, पहिल्या चार-पाच ठोक्यांना खूप खरखर आहे, खाचेची सुरुवात बरीच घासलीये, बरेच वेळा सुई इथेच ठेवलेली असणार. टिकटिक काढायला घेतली नाही अजून. फाईल मामाला पाठवली तशीच, सव्वासहाला निळ्या टिका आल्या, आणि साडेसहाला मेसेज : "आता सनी आफ्टरनूनची मागची. डेव्ह जोरात म्हणतो ती."

दहा राहिल्या.